लॅटिना सोरोरिटीचा चॅप्टर कसा चालवायचा: नव्या पदाधिकारी मुलींसाठी

अमेरिकेत शिकायला गेलेल्या किंवा तिथेच वाढलेल्या मराठी मुली लॅटिना सोरोरिटीत दिसल्या तर नवल वाटायला नको. सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातली मुलींची, बहुधा ग्रीक अक्षरांचं नाव असलेली संघटना. लॅटिना सोरोरिटी लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलींनी सुरू केलेल्या, आणि एखाद्या कॅम्पसवरची शाखा म्हणजे चॅप्टर. देसी मुलींच्या स्वतःच्या सोरोरिटी आहेतच. ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनची कापा फाय गामा या दोन्ही १९९८ सालच्या. पण लॅटिना सोरोरिटींची दारंही बहुतेक ठिकाणी कुठल्याही वंशाच्या मुलीला उघडी असतात. खोलीतली मैत्रीण डॉमिनिकन असेल, तिच्या घरी दोन-चारदा जेवणं झाली असतील, तर त्या दारातून आत जाणं अगदी सहज घडतं. अमेरिकेतली पहिली लॅटिना सोरोरिटी, लॅम्डा थीटा आल्फा, डिसेंबर १९७५ मध्ये न्यू जर्सीतल्या कीन कॉलेजात सुरू झाली. ते कॉलेज, म्हणजे आजचं कीन विद्यापीठ, एडिसनच्या मराठी वस्तीपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे.

सदस्य होणं ही एक गोष्ट. वर्षाअखेरच्या निवडणुकीत अचानक खजिनदार किंवा अध्यक्ष होणं ही दुसरी. हा लेख त्या दुसऱ्या मुलीसाठी आहे.

चॅप्टरमधल्या मुली दर मे महिन्यात पदवी घेऊन निघून जातात. चार-पाच वर्षांत सगळा चॅप्टर बदललेला असतो. तरीही काही चॅप्टर दशकानुदशकं टिकतात. त्यांच्याकडे नियम लिहिलेले असतात, हिशोब ठेवलेला असतो आणि जाणारी मुलगी येणारीच्या हातात सगळं नीट सोपवून जाते. एकमेकींना ‘हेर्माना’ (स्पॅनिशमध्ये बहीण) म्हणणाऱ्या मुलींमध्ये जीव ओतून काम करणाऱ्या पुष्कळ असतात. कमी पडतो तो कागद, आणि कागद नसला की पहिला तडा नेमका बहीणपणालाच जातो. कोणी किती पैसे दिले, कोणाला न विचारता कार्यक्रम ठरला, कोणाची बाजू ऐकूनच घेतली नाही, भांडणं यावरूनच होतात.

आधी घटना वाचा, आणि पूर्ण वाचा

निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात तीन ठिकाणचे नियम गोळा करा. पहिले तुमच्या राष्ट्रीय संस्थेचे: घटना, उपनियम, आर्थिक धोरण, जोखमीचं धोरण. दुसरे विद्यापीठाचे: विद्यार्थी संघटनांची मान्यता आणि आचारसंहिता. तिसरे कॅम्पसवरच्या सोरोरिटी आणि फ्रॅटर्निटी (मुलांच्या तशाच संघटना) यांच्या परिषदेचे. बहुतेक लॅटिना सोरोरिटी तिथे मल्टिकल्चरल ग्रीक कौन्सिलमध्ये असतात, काही ठिकाणी वेगळी लॅटिनो ग्रीक कौन्सिल असते. राष्ट्रीय पातळीवर १९९८ पासून नाल्फो नावाची लॅटिनो सोरोरिटी-फ्रॅटर्निटींची छत्रसंस्था आहे, पण प्रत्येक सोरोरिटी तिची सदस्य असतेच असं नाही. तुमची आहे का, ते विचारून घ्या.

मैत्रीण दुसऱ्या सोरोरिटीत असेल तर तिच्या पद्धती उचलू नका. काय उप्सिलॉन सिग्मा १९८० मध्ये रटगर्सला सुरू झाली, लॅम्डा थीटा न्यू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिकोला, कापा डेल्टा काय १९८७ मध्ये टेक्ससमधल्या लबॉकला, सिग्मा लॅम्डा गामा १९९० मध्ये आयोवा विद्यापीठात. सिग्मा आयोटा आल्फा तर १९९० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या चार कॅम्पसवर एकाच वेळी उभी राहिली. प्रत्येकीची घडण निराळी, त्यामुळे अध्यक्षाचे अधिकार, मतांची टक्केवारी, प्रादेशिक संचालिकेची भूमिका हे सगळंच निराळं.

वाचताना या गोष्टींखाली रेघ मारा: गणपूर्तीला किती जणी लागतात, साध्या ठरावाला किती मतं आणि घटनादुरुस्तीला किती, पदाची मुदत, पदावरून दूर करण्याची पद्धत, किमान गुणांची अट, आणि करारावर सही कोण करू शकते. शेवटचा मुद्दा बऱ्याच जणींच्या लक्षातच येत नाही. हॉल भाड्याने घेताना एकोणीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या नावाने सही केली, तर नुकसानभरपाईचा प्रश्न तिच्या अंगावर येऊ शकतो. सहीआधी चॅप्टरच्या सल्लागाराला कागद दाखवा.

नियमांत विसंगती आढळली तर सर्वसाधारणपणे कायदा सगळ्यांच्या वर, त्याखाली राष्ट्रीय संस्था, आणि चॅप्टरचे स्वतःचे नियम सर्वांत शेवटी. विद्यापीठाची मान्यता हवी असेल तर त्यांच्या अटी पाळाव्याच लागतात.

पदं कमी, काम जास्त

मोठ्या पॅनहेलेनिक, म्हणजे जुन्या मुख्य प्रवाहातल्या, सोरोरिटींमध्ये शंभर-दीडशे मुली असतात आणि बऱ्याचदा स्वतःचं घर असतं. लॅटिना चॅप्टर बहुधा लहान असतात आणि घर नसतंच. सात-आठ मुलींमध्ये अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सेवा, अभ्यास, नव्या सदस्यांचं शिक्षण, सोशल मीडिया अशी सगळी पदं भरायची असतात. दोन पदं एकीकडे देणं अपरिहार्य असतं. फक्त अध्यक्ष आणि खजिनदार एकच नको. नव्या सदस्यांची जबाबदारीही एकट्या मुलीवर टाकू नका. तिच्याबरोबर दुसरी कोणीतरी कायम हवी, कारण या दोन जागांवर चूक झाली तर ती पूर्ण चॅप्टरला भोवते.

सभा: ठराव कसा होतो

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यार्थी संघटना सभेसाठी रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर वापरतात. पुस्तक जाडजूड आहे, पण तुम्हाला रोज लागणारा भाग थोडका आहे. एक ठराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू.

सोमवारची रात्र, स्टुडंट सेंटरमधली खोली, नऊपैकी सात जणी हजर. गणपूर्ती पाचची आहे, म्हणजे सभा चालू शकते. चिटणीस आधी हे नोंदवते. एक जण म्हणते, “शनिवारच्या अन्नवाटपासाठी चॅप्टरने ३०० डॉलरपर्यंत खर्च करावा, असा ठराव मी मांडते.” दुसरी अनुमोदन देते. अध्यक्ष ठराव पुन्हा वाचून दाखवते, म्हणजे सगळ्या एकाच गोष्टीवर बोलतील. मग चर्चा. खजिनदार सांगते की या सेमिस्टरमध्ये सेवेसाठी ४५० डॉलरच उरले आहेत. तिसरी दुरुस्ती सुचवते, ३०० ऐवजी २००. तिला अनुमोदन मिळतं. आता आधी दुरुस्तीवर मतदान. ती मंजूर झाली की दुरुस्त ठरावावर मतदान. पाच बाजूने, दोन विरुद्ध. मंजूर.

इतिवृत्तात एवढंच लिहायचं: ठरावाचे नेमके शब्द, मांडणारीचं नाव, दुरुस्ती, निकाल. अनुमोदकाचं नाव लिहिण्याची सक्ती नाही. कोण चिडलं, कोण रडलं, हे कधीच लिहायचं नाही. ज्या दोघींनी विरोध केला त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं गेलं असेल, तर शनिवारी त्याही डबे उचलायला येतात. मला या पद्धतीचं मोल वाटतं ते यासाठी. गटातली सर्वांत शांत मुलगी आणि सर्वांत मोठ्या आवाजाची मुलगी, दोघींना बोलायची तितकीच संधी मिळते.

ग्रुप चॅटवर अंगठे दाखवून घेतलेला निर्णय हा ठराव नव्हे. उपनियमांत ऑनलाइन मतदानाची स्पष्ट तरतूद असेल तरच ते चालतं. तरतूद नसेल आणि गरज असेल तर आधी रीतसर घटनादुरुस्ती करा.

माजी सदस्यांबद्दल एक नाजूक गोष्ट. तुमच्या आधीच्या ‘लाइन’मधल्या (एकाच वेळी सदस्य झालेल्या मुलींच्या गटातल्या) ताई सभेला येतात, त्यांचा शब्द वजनदार असतो, आणि त्यांनी चॅप्टरसाठी खस्ता काढलेल्या असतात. त्यांना मान द्या, अनुभव विचारा. पण विद्यार्थी चॅप्टरमधलं मत बहुतेक संस्थांत सध्याच्या सक्रिय सदस्यांचं असतं. अध्यक्षाने हे सभेच्या सुरुवातीलाच प्रेमाने सांगून टाकलं तर नंतर कोणाचा अपमान होत नाही.

पैसा

इथे जरा थांबून वाचा.

चॅप्टरचं बँक खातं चॅप्टरच्या नावाने हवं. त्यासाठी फेडरल करक्रमांक लागतो. तो राष्ट्रीय कार्यालयामार्फत मिळतो की स्वतंत्र घ्यायचा, ते आधी विचारा. बँक नव्या सह्यांसाठी निवडणुकीचं इतिवृत्त मागू शकते. इतिवृत्त नीट लिहिण्याचं हे आणखी एक कारण. खात्यावर दोन सह्या ठेवा. वर्गणी कोणाच्याही वैयक्तिक व्हेन्मो (मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं अ‍ॅप) खात्यात घेऊ नका, अगदी ‘एका दिवसापुरती’सुद्धा नाही. आपल्याकडचा चांगला बचत गट जसा प्रत्येक रुपया सगळ्यांसमोर मोजून वहीत चढवतो, तसा दर महिन्याच्या पहिल्या सभेत खजिनदाराने जमा, खर्च आणि शिल्लक वाचून दाखवावी. बँकेच्या विवरणाशी ताळा दुसऱ्या कोणीतरी तपासावा.

अंदाजपत्रक करताना हातात प्रत्यक्ष किती येणार ते धरा. समजा नऊ जणी, सेमिस्टरची स्थानिक वर्गणी प्रत्येकी १२० डॉलर. कागदावर १,०८० डॉलर होतात. पण दोघी ४०-४० च्या तीन हप्त्यांत देणार आहेत. म्हणजे सुरुवातीला हातात ९२० डॉलरच. सप्टेंबरच्या खर्चाची आखणी ९२० वर करा. राष्ट्रीय संस्थेची वर्गणी आणि विम्याचे पैसे आधी बाजूला काढा, कारण ते थकले तर चॅप्टरची मान्यता अडचणीत येऊ शकते.

हप्त्यांबद्दल मनापासून सांगायचं आहे. या सोरोरिटींमधल्या अनेक मुली घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या असतात. कोणी वर्ग संपल्यावर दुकानात काम करते, कोणी पगारातून घरभाड्याला हातभार लावते. अशा मुलीचं नाव थकबाकीदार म्हणून सभेत वाचणं म्हणजे तिला बाहेर ढकलणं. हप्त्यांचा एकपानी करार तयार ठेवा. त्यावर ती आणि खजिनदार सह्या करतील आणि रक्कम दोघींपुरती व अध्यक्षापुरती राहील. सभेत वाचायचा तो फक्त एकूण येणे बाकीचा आकडा. सवलत कोणाला, कधी, किती, याचा नियम आधीच लिहिलेला असला की मागणाऱ्या मुलीला विनवणी करावी लागत नाही.

करांचं थोडक्यात. सोरोरिटी सहसा करमुक्त सामाजिक क्लबच्या गटात मोडते. तिला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. तशी सवलत हवी असेल तर राष्ट्रीय संस्थेची वेगळी धर्मादाय फाउंडेशन आहे का ते विचारा आणि असल्यास तिच्यामार्फत जा. ‘तुमची देणगी करमुक्त आहे’ असं पोस्टरवर बिनदिक्कत छापू नका. वार्षिक जमा साधारणपणे ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याला, दरवर्षी ९९०-एन हा छोटा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याची १५ तारीख ही मुदत. वर्ष डिसेंबरला संपत असेल तर १५ मे, जूनला संपत असेल तर १५ नोव्हेंबर. १५ मे हा नेमका पदवीदानाचा आणि खजिनदार बदलण्याचा काळ, म्हणून तो राहून जातो. सलग तीन वर्षं राहिला तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. राष्ट्रीय कार्यालय तुमच्या वतीने भरतं का, हे लेखी विचारा आणि पोचपावती फाइलला लावा.

सेवेचं काम कोणाच्या सोयीने

राष्ट्रीय पातळीवर प्रत्येक संस्थेचा एखादा विषय असतो. कापा डेल्टा काय अमेरिकन कॅन्सर सोसायटीबरोबर काम करते, सिग्मा लॅम्डा गामा स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती करते, ओमेगा फाय बीटाने स्त्रियांवरच्या हिंसेचा विषय घेतला आहे. तो विषय ठेवाच. त्याबरोबर आपल्या गावातलं एक काम निवडा आणि तीन-चार वर्षं सोडू नका.

वेळापत्रकाचा एक सापळा आहे. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक हेरिटेज महिना. त्याची सुरुवात मध्य अमेरिकेतल्या पाच देशांच्या स्वातंत्र्यदिनाला होते, दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा. साहजिकच सगळे कार्यक्रम या चार आठवड्यांत कोंबले जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटी चॅप्टर थकून जातो. या महिन्यात सांस्कृतिक कार्यक्रम करा. सेवेचं मुख्य काम जिथे गरज असेल त्या महिन्यात ठेवा. अन्नपेढीच्या व्यवस्थापकाला विचारलंत तर त्या बहुधा फेब्रुवारी म्हणतील, कारण नाताळनंतर स्वयंसेवक गायब होतात.

मला सर्वांत पटलेलं काम म्हणजे बारावीच्या मुलांना कॉलेजच्या आर्थिक मदतीचा फाफ्सा अर्ज भरायला बसवणं. एका शाळेच्या समुपदेशकाशी बोला आणि संध्याकाळी सहानंतरची वेळ घ्या, म्हणजे पालक कामावरून येऊ शकतील. खोलीत लहान भावंडांसाठी एक टेबल, कागद आणि रंग ठेवा. ते नसेल तर आया येणारच नाहीत. स्पॅनिश सफाईने बोलणाऱ्या दोघी दाराशी हव्यात. ब्राझीलची कुटुंबं असतील तर पोर्तुगीजची सोय बघा. तुम्हाला स्पॅनिश येत नसेल तरी नोंदणी, प्रिंटर आणि मुलांचं टेबल तुम्ही सांभाळू शकता.

काही पथ्यं कडक पाळा. कीबोर्डवर हात कुटुंबाचेच राहतील. पासवर्ड, सोशल सिक्युरिटी क्रमांक, पगाराचे कागद तुम्ही लिहून घ्यायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत. काही पालकांकडे तो क्रमांक नसतो. तो नसतानाही त्यांना अर्जासाठी खातं उघडता येतं, पण माहिती कुठे जाईल ही त्यांची धास्ती खरी असते. त्यांच्या स्थलांतराच्या स्थितीबद्दल एक अक्षर विचारू नका. कायदेशीर प्रश्न आला तर समुपदेशकाकडे पाठवा. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर काम असल्याने शाळा पार्श्वभूमी तपासणी मागेल. तिला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी अर्ज करा.

सेवेचे तास नोंदवताना प्रवासाचे आणि फोटो काढण्याचे तास घालू नका. तुमचा अहवाल पुढे कोणीतरी खरा मानून वाचणार आहे.

नव्या मुली घेताना

अध्यक्ष म्हणून तुमची सर्वांत मोठी जबाबदारी ही आहे. बाकी सगळं चुकलं तर सुधारता येतं.

नव्या मुलींना झोपू न देणं, काही आठवडे इतरांशी बोलायला बंदी घालणं, फोन काढून घेणं, रोज एकाच रंगाचे कपडे घालायला लावणं, जुन्या सदस्यांची कामं करून घेणं, संस्थेचा इतिहास पाठ नसला की शिक्षा करणं. यातलं बरंच काही ‘परंपरा’ म्हणून पुढे येतं आणि ‘आम्हीही सोसलं’ असं सांगितलं जातं. हे रॅगिंगच आहे, अमेरिकेत त्याला हेझिंग म्हणतात. पेन स्टेटचा विद्यार्थी टिमोथी पियाझा २०१७ मध्ये फ्रॅटर्निटीच्या कार्यक्रमात पाजलेल्या दारूनंतर पडून मरण पावला. त्याच्या नावाने पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये आणि न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदे कडक केले. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट हा फेडरल कायदाही आला. दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती विद्यापीठाला आता जाहीर करावी लागते. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मुलीची तयारी होती की नव्हती याला महत्त्व नाही. ‘ती स्वतःहून तयार होती’ हे उत्तर तिथे चालत नाही.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटणारा उपाय साधा आहे. पूर्ण प्रक्रियेचं वेळापत्रक आधी लिहा: तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जागा, विषय, हजर राहणाऱ्या दोन जबाबदार सदस्यांची नावं. त्याची प्रत राष्ट्रीय संस्थेला, सल्लागाराला, सोरोरिटी-फ्रॅटर्निटींवर देखरेख करणाऱ्या विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ कार्यालयाला आणि प्रत्येक नव्या मुलीला द्या. रात्री दहानंतर काहीही नाही. परीक्षेच्या आठवड्यात काहीही नाही. वेळापत्रकात नसलेलं बोलावणं आलं तर नव्या मुलीने जायचं नाही, आणि तक्रार कुठे करायची तो क्रमांक त्याच कागदावर असेल. चॅप्टरबाहेरचा.

मग नव्या मुलींना शिकवायचं काय? त्यांच्याकडून एक सेवाप्रकल्प आखून घ्या. अंदाजपत्रक, ठराव, कार्यक्रम आणि हिशोब, सगळं त्यांनीच करायचं. संस्थापक मुलींनी सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात, कॅम्पसवर आपल्यासारखं कोणी दिसत नसताना, संघटना कशी उभी केली हे माजी सदस्यांकडून ऐकवा. नाच, सलाम (संस्थेच्या मानाच्या घोषणा) आणि नव्या सदस्यांचा जाहीर कार्यक्रम मुलींना प्रिय असतो आणि तो असावाही. फक्त सराव वेळापत्रकात लिहिलेला हवा, आणि कोणी दमली, कोणाचा पाय दुखावला, तर तिला बसू द्यायचं.

कोणाविरुद्ध तक्रार आली तर

तक्रार लेखी घ्या, जिच्याविरुद्ध आहे तिला मजकूर आणि तारीख कळवा, तिचं म्हणणं ऐका, तिच्या जवळच्या मैत्रिणींना निर्णयातून बाजूला ठेवा, निर्णय लेखी द्या, अपील कुठे करायचं ते सांगा. रॅगिंग, लैंगिक छळ किंवा हिंसा असेल तर चॅप्टरने स्वतः चौकशी करत बसू नये. त्याच दिवशी विद्यापीठाला आणि राष्ट्रीय संस्थेला कळवावं.

सोपवून जाताना

निवडणूक मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे परीक्षांपूर्वी महिनाभर जुनी आणि नवी पदाधिकारी बरोबर काम करतील. प्रत्येक पदाची एक फाइल हवी. खजिनदाराच्या फाइलमध्ये करक्रमांकाचं पत्र, बँकेची विवरणं, ९९०-एनच्या पोचपावत्या आणि चालू हप्त्यांचे करार. चिटणीसाकडे इतिवृत्तं आणि घटनेची ताजी प्रत. सेवाप्रमुखाकडे शाळेतल्या समुपदेशकाचं आणि अन्नपेढीचं नाव-पत्ता, आणि मागच्या वर्षी काय अडलं याचं अर्धं पान. चॅप्टरचा ईमेल आणि सोशल मीडियाची खाती कोणा एकीच्या वैयक्तिक फोनला जोडलेली असतील तर ती मे महिन्याआधी सोडवा. जाणाऱ्या मुलीची बँकेतली सही तिच्या पदवीदानापूर्वी निघाली पाहिजे.

कधी चॅप्टरमध्ये दोनच मुली उरतात. लहान चॅप्टरांत असं होतं, त्यात तुमचा कमीपणा नाही. दोघींनी दहा जणींचं काम ओढत बसू नका. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच प्रादेशिक संचालिकेला लिहा, कार्यक्रम एका सेवाप्रकल्पापुरते आणि नव्या सदस्यांच्या माहितीसभेपुरते ठेवा, जवळच्या कॅम्पसवरच्या चॅप्टरची मदत मागा. तरीही जमलं नाही तर चॅप्टर रीतसर निष्क्रिय करण्याची पद्धत असते. उरलेली रक्कम, सनद, शिक्का आणि इतिवृत्तं राष्ट्रीय कार्यालयाला नोंद करून पाठवा. खातं बंद करताना बँकेचं शेवटचं विवरण मागून घ्या आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ कार्यालयातही ठेवायला द्या. काही वर्षांनी चार नव्या मुली हा चॅप्टर पुन्हा सुरू करायला आल्या, तर त्या चौकशी आधी तिथेच करतील.